तारप्याची पाठ

बेटेगाव,
३० एप्रिल १९९०

जिवल्या,

आश्रमशाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, धाकट्याला पत्र लिहिताना वर 'चिरंजीव' लिहायचं आणि खाली 'अनेक आशीर्वाद'. चिरंजीव तू आहेसच, तुला काय धाड भरलीय. आशीर्वाद मात्र या खेपेला लिहिणार नाही. मोठी बहीण म्हणून तेवढा हक्क मला आहे.

आठ दिवस झाले. कार्यक्रम संपला तसा तू सोनकिरणच्या टेम्पोत चढलास आणि विरारला निघून गेलास. बापसाला घरी कोण नेणार एवढंसुद्धा विचारलं नाहीस. तू स्टेजवर पुढे बेंजो मांडीवर घेऊन बसला होतास, पाठ बापसाकडे, म्हणून तुला मागचं काही दिसलं नाही असं मी धरून चालते. तर आता ऐक.

होळीला घरी आलास तेव्हा काय बोललास ते आठव. सोनकिरण बँजो पार्टी बोईसरच्या मैदानात येणार, नागोराव मास्तरांना स्टेजवर तारपा पाहिजे, आणि तारपा म्हटला की आपला बापूस झिपरू, दुसरं कोण. बापूस हसला होता. चैत्रात तारपा? नवं भात घरात आल्याशिवाय, कणसरी देवीला दाखवल्याशिवाय आपल्या घरात त्याला कोणी तोंड लावत नाही. भात झोडून झालं की तो आढ्याला टांगायचा आणि पुढच्या भातालाच उतरवायचा. आज्यानेही हा नेम मोडला नव्हता. त्यावर तू म्हणालास, वाजवू नको, नुसता धरून उभा राहा, मान म्हणून. सगळी पार्टी तुझ्याभोवती गोल बसेल, तोंड तुझ्याकडे करून.

तरी तो मान हलवत होता. मग मी मध्ये पडले. मी म्हटलं, बा, जा. तुझ्याकडे कोणी पाठ करणार नाय, मी सांगते. माझ्या शब्दावर तो उठला, जिवल्या. तुझ्या नाही.

तारप्याला पाठ दाखवत नाहीत हे तुला मी सांगायला पाहिजे का? नाचताना कोणी पडला तरी तोंड तारप्याकडे ठेवून पडतो, असं बापूस चेष्टेने सांगायचा. आणि तुमच्या मास्तरांनी त्याला उभा केला कुठे? सगळ्यांच्या मागे, त्या उंच काळ्या स्पीकरला लागून, फळ्यांच्या खोक्यावर. सदरा काढायला लावला. सदरा घातलेला आदिवासी त्यांना चालत नव्हता म्हणे. बापूस बाजाराला कधी सदऱ्याशिवाय गेला नाही. आणि पुढे तुम्ही अकरा जण, म्हणजे अकरा पाठी.

मग तारपा वाजला. तुमचा ऑर्गन नाही, दुसऱ्या कोणाचा तारपा नाही, बापसाचाच. प्रत्येक तारप्याचा गळा वेगळा असतो, आणि स्वतः पोसलेल्या भोपळ्याचा तारपा केलेला, त्याचा आवाज त्याला कळणार नाही का? त्याने तारपा तोंडाशी धरला होता, पण फुंकला नव्हता. आवाज आला तसा त्याने तो खाली घेतला. तरी वाजतच राहिला. त्याने भोपळ्याला कान लावला. भोपळा फिरवून बघितला. लोक हसले, त्यांना वाटलं सोंग आहे. मग तुम्ही टेप मध्येच तोडली आणि नुसते ढोल चालू ठेवले. ज्या माणसाचा श्वास तासभर तुटत नाही त्याचा तुम्ही तीन मिनिटांत तोडलात. बापसाने तारपा छातीशी घट्ट धरला, पोर दचकल्यावर धरतात तसा.

सालवडवरून चालत आलो. घरी आल्यावर तारपा आढ्याला टांगला आणि म्हणाला, "भागी, त्याला आता माझा श्वास नको झाला."

चिमीचा नवरा सुका कंपनीत जातो, त्याला चार गोष्टी कळतात. तो म्हणाला, काका, टेप असेल ती. बापूस म्हणाला, माझ्यासमोर कोणी टेप आणली नाय. झालं, तिथेच विषय संपला.

तू केसाने गळा कापलास. आता ये आणि तुझ्या तोंडाने त्याला सांग की ती टेप होती. दुसरं काही मागत नाही.

भागी

बेटेगाव,
१८ जून १९९०

जिवल्या,

तुझं कार्ड पोचलं. सहा ओळी, त्यातल्या दोन मास्तरांच्या कंबरदुखीच्या. लोकांनी दोनदा वन्स मोअर दिला, आणखी काय पाहिजे, असं विचारतोस. शाबास. बापूस जेवला का, हे विचारायला सातवी ओळ मावली नाही वाटतं.

तुला वाटतं मला सोनकिरणचं काही पडलेलं नाही. अरे, तुझ्या आधी सोनकिरण माझी होती. मी तेरा वर्षांची, तू नऊ. बोईसरला गणपती बघायला गेलो आणि बाजारात ती हातगाडी दिसली. वर बॅटरी, भोंगा, आणि मास्तर बेंजोच्या कळा अशा दाबत होते की बोटं दिसतच नव्हती. तिच्या मागे मागे आपण नवापूरच्या समुद्रापर्यंत गेलो. तुझ्या पायात काच गेली तर मी तुला पाठुंगळी घेतलं. गणपती बुडाले, माणसं पांगली, मास्तर तारा पुसायला लागले तरी आपण वाळूत उभे. घरी आल्यावर बापसाने मला मारलं, तुला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, डोक्यात चाल वाजत होती.

मग तू फळीवर सायकलच्या ब्रेकच्या तारा ताणल्यास, बाटल्यांची बुचं ठोकून कळा केल्यास. बापूस म्हणाला, हे कण्हतं कशाला, त्याला बरं नाय का? तारा धरून कोण बसायचं? मी. आज सालवडला एक पार्टी आहे, आपल्या गावात एक, मासेमाऱ्यांच्या गावांत तर घरटी एक बेंजो आहे, आणि सगळे सोनकिरणची नक्कल करतात. कोणाच्या हळदीला मास्तरांची नवी चाल पहिली वाजली यावरून सालवडवाल्यांची आणि आपल्यांची डोकी फुटली, ते तू विसरला नसशील, एक डोकं तुझंच होतं. कंपनीत आम्ही बायका गोळ्यांची पाकिटं भरतो ती सोनकिरणच्या ठेक्यावर भरतो. सुपरवायझरला कळतही नाही की हात एवढे चटाचट का चालतात.

म्हणून मी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसले होते. आणि आता एक सांगते, तुला पुढे कधी बोलायला मिळायला नको म्हणून आधीच सांगते. बापसाचा तारपा भोंग्यातून आला आणि खालून तुमचा ढोल हळूच मिळाला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढं सुंदर मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. मग वर बघितलं तर बापूस भोपळ्याला कान लावून माझ्याकडेच बघत होता.

तेव्हापासून मला माझ्याच हातांची शिसारी येते.

दुसरी गोष्ट. चिल्हार रस्त्याच्या टपरीवर तुमची कॅसेट लागते. चिखलात लोक भात पेरतात आणि तारपा वाजतो. आषाढ लागला नाही अजून. मी हल्ली बापसाला त्या रस्त्याने नेत नाही, शेताच्या बांधावरून नेते. त्याने विचारलं तर सांगते, रस्त्यावर ट्रक फार वाढलेत.

कॅसेटच्या खोक्यावर मास्तरांचा फोटो आहे, खाली तुझं नाव आहे. बापसाचं नाव शोधलं. कंपनीत बारीक अक्षरं वाचायची मला सवय आहे. नाही कुठे.

ये.

भागी

बेटेगाव,
१२ सप्टेंबर १९९०

जिवल्या,

बटन कोणी दाबलं, असं विचारतोस.

मला वाटलं होतं तू एवढं तरी विचारणार नाहीस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणून हे कार्ड फाडणार होते. मग फाडलं नाही, कारण बोंब उलटी नाही. खरी आहे. लिहून टाकते म्हणजे आपल्या दोघांत तरी लपवाछपवी उरणार नाही.

बटन मी दाबलं. गेल्या दिवाळीत, नव्या भाताच्या नाचाला. तू विरारवरून टेपरेकॉर्डर आणलास, बांबूच्या टोपलीत ठेवलास, वर सागाची पानं झाकलीस आणि टोपली माझ्या मांडीवर दिलीस. म्हणालास, बापूस म्हातारा झाला, उद्या गेला तर आपल्याला त्याचा श्वास कुठे ऐकायला मिळणार, आपल्यापुरतं ठेवू. सांगितलं तर तो भरू देणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. लाल बटन कुठलं ते तू दोनदा दाखवलंस. सगळा पाडा गोल धरून नाचत होता आणि मी झाडाखाली टोपली सांभाळत बसले होते, अंड्यावर कोंबडी बसते तशी. चिमी ओढायला आली, नाचत नाय का म्हणून. मी म्हटलं, पाय दुखतो माझा.

'आपल्यापुरतं' हे तुझे शब्द आहेत, जिवल्या. मी त्याच शब्दावर बटन दाबलं. ती टेप मास्तरांच्या हातात पडली हे मला मैदानात कळलं, टाळ्या वाजवून झाल्यावर. म्हणून तुझा गुन्हा माझ्याएवढा नाही, माझ्यापेक्षा मोठा आहे. हे मी रोज स्वतःला सांगते.

आता ते, जे पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. सुका 'टेप असेल' म्हणाला तेव्हा बापूस नुसता नाही म्हणून थांबला नव्हता. तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "भागी, तू सगळ्या नाचाला असतेस. तुझ्यासमोर कोणी टेप आणली का?"

मी म्हटलं, "नाय."

तेवढ्यावर त्याचा विश्वास बसला. माझ्या शब्दावर तो स्टेजवर चढला होता, माझ्याच शब्दावर त्याने तारपा सोडला. मी तेव्हा 'हो' म्हटलं असतं तर रात्रभर शिव्या दिल्या असत्या त्याने, आणि सकाळी चहा मागितला असता. पण माझी जीभ वळली नाही. आणि एकदा नाय म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी हो कसं म्हणायचं? दिवस जातात तसं जास्तच अवघड होतं, हे तुला कळत असेल. म्हणून तर तुला बोलावते आहे. तू सांगितलंस तर माझं नाव त्यात येईलच, पण दोघं मिळून ऐकून घेऊ.

हळवं भात निसवलंय, लोंब्या बाहेर आल्यात. बुधी, कमळी सगळ्या विचारून गेल्या, काका यंदा वाजवणार ना? पाड्यात दुसरा तारपकरी नाही. बापूस सगळ्यांना एकच सांगतो, त्याला टांगून ठेवलाय, त्याला वाटलं तर आपला आपण वाजेल. बायका हसतात. मला हसू येत नाही. तो ओटीवर बसून आढ्याकडे बघत असतो, खरंच वाट बघत असल्यासारखा. परवा त्याच्या खोकल्याची उबळ थांबली तर म्हणाला, हा श्वास आता काय कामाचा.

जिवल्या, एकदा ये. मास्तरांना सांग बहीण मेली म्हणून, काही सांग.

भागी

बेटेगाव,
७ ऑक्टोबर १९९०

जिवल्या,

नवरात्रात तुम्हाला सतरा ठिकाणी वाजवायचं होतं, कळलं. तू मधला मुख्य बेंजो झालास, तेही कळलं. बापूस गावात विचारत होता, पोरगा बरा हाय ना?

भात कापायला आलं.

भागी

बेटेगाव,
२८ ऑक्टोबर १९९०

जिवल्या,

तू येणार नाहीस हे दसऱ्यालाच कळून चुकलं. मग आपलं तोंड आपणच उघडायचं ठरवलं.

सुकाला बोईसरच्या बाजारातून कॅसेट आणायला सांगितली. चिमीकडचा टेपरेकॉर्डर मागून आणला. दुपारची वेळ, बापूस अंगणात भात वाळत घालत होता. मी म्हटलं, बा, हे ऐक. मनाशी सगळं घोकून ठेवलं होतं, आधी पाया पडायचं, मग तुझं नाव घ्यायचं, मग माझं. त्यातलं काही झालं नाही. मी नुसती कॅसेट लावली.

तुला ठाऊक आहे का त्या टेपवर काय आहे? तुम्ही ढोल लावलेत तिथून पुढे काही कळत नाही. पण ढोलाच्या आधी नुसता तारपा आहे, त्यात लांबून एक कुत्रं भुंकतं. मग चिमीचा आवाज येतो, नाचत नाय का गं. आणि मग मी. स्वच्छ. 'पाय दुखतो माझा.' सोनकिरणने लाडाने म्हणा की आळसाने म्हणा, ते काढलं नव्हतं. भोंग्यातून मैदानात कोणाला कळलं नसेल. अंगणात कळलं.

बापसाने भाताचा हात तसाच वर धरला. म्हणाला, परत लाव. मी परत लावली. तिसऱ्यांदा लावली. कुत्रं, चिमी, मी, आणि खाली तो अखंड श्वास. मग तो उकिडवा बसला आणि त्याचा चेहरा असा मोकळा झाला की मला रडू आलं.

"म्हंजे हा मी हाय," तो म्हणाला. "आपला आपण नाय वाजला तो."

"नाय, बा. तूच वाजवलंस."

"आनि ही तू."

मी 'हो' म्हणून मान हलवली. तुझं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर त्याने हाताने थांबवलं. त्याला विचारायला लागतं का, टेपरेकॉर्डर विरारवरून कोण आणतो ते. त्याने दुसरंच विचारलं.

"तुझा पाय खरंच दुखत होता?"

मी म्हटलं, "नाय."

एवढंच. शिव्या नाहीत, काही नाही. मी वाट बघत राहिले आणि तो भात पसरत राहिला. संध्याकाळी शिडी लावून त्याने तारपा उतरवला. मेण सुटलं होतं ते नवं लावलं, बांबूच्या जिभा पुसल्या. त्या वेळी मला वाटलं, सुटले. मी त्या आनंदात चिमीकडे धावत जाऊन सांगून आले की यंदा नाच होणार. चिमीने सगळ्या पाड्याला सांगितलं.

नव्या भाताच्या दिवशी कणसरीपुढे तारपा ठेवला, मग बापूस पाड्यातल्या मैदानाच्या मध्ये उभा राहिला. सदरा घालून. लोकांनी गोल धरला. मी चिमीचा हात धरला आणि रांगेत शिरले, या वर्षी पाय दुखत नव्हता. आणि जिवल्या, तो वाजवायला लागला ते ऐकायला तू पाहिजे होतास. सहा महिने अडकलेला श्वास होता तो. तुमची सोनकिरण बिनकिरण सगळं पाणी भरेल. लोक म्हणतात, झिपरूने असा कधी वाजवला नव्हता.

तुला आठवतं, तो वाजवताना गोलाबरोबर फिरतो, आणि ज्याचं तोंड समोर येईल त्याच्याकडे बघून भुवई उडवतो. लहानपणी आपण त्या भुवईसाठी रांगेत ढकलाढकली करायचो. पहिल्या फेऱ्याला मी समोर येऊ लागले तशी हसायला तयार झाले. चिमीकडे बघून त्याने भुवई उडवली. मग माझी पाळी आली आणि तो वळला. मला वाटलं चुकून वळला. दुसऱ्या फेऱ्याला चिमी झाली, मी आले, तो परत वळला. ताडाच्या पानांचा तो लांब कर्णा अर्धा गोल फिरवून, पाठ माझ्याकडे. माझ्या पुढच्या बाईला परत तोंड. अकरा फेरे मी मोजले. अकराही वेळा पाठ. श्वास कुठे तुटला नाही, ताल चुकला नाही, नाचणाऱ्यांतल्या कोणाला काही कळलं नाही. फक्त मला कळलं, आणि त्याला.

आपण तारप्याकडे पाठ करत नाही, हे जन्मापासून शिकलो. तारपा आपल्याकडे पाठ करू शकतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

नाच सोडून जाता येत नव्हतं. जायचं तर वळावं लागलं असतं, आणि मी वळले असते तर मग काय उरलं? म्हणून शेवटपर्यंत नाचले, तोंड त्याच्या पाठीकडे करून. घरी तो माझ्या हातचं जेवतो, हाक मारतो, पाणी मागतो. वैर नाही. पण भाताची झोडणी संपेपर्यंत रोज संध्याकाळी तारपा वाजतो, गोल धरला जातो, आणि माझी पाळी आली की तो वळतो.

मी तुझ्यावर चिडले नाही असं समजू नको. तू मला फसवलंस, आणि मला पुढे करून त्याला फसवलंस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती कॅसेट या पत्राबरोबर परत पाठवते. मास्तरांना सांग, त्यात माझा आवाज आहे, तेवढा काढून टाका, मला तो टपरीवर ऐकायचा नाही.

भात झोडायचं अजून बारा-पंधरा दिवस चालेल. त्यानंतर तारपा आढ्याला जाईल, पुढच्या वर्षापर्यंत. त्याच्या आत ये. तो तुला शिव्या देणार नाही, टेपचं नावही काढणार नाही. तू नुसता माझ्या शेजारी रांगेत शिर आणि माझा हात धर. ती पाठ आपल्या दोघांची आहे, जिवल्या. मी एकटीनेच किती दिवस बघायची?

तुझी,
भागी